कानातली बोंडं

रिसोड,
२० मार्च २०२५

चि. धम्मदीपास,
जय भीम.

पार्सल मिळालं. काही फुटलं नाही. कानात घालायची ती दोन बोंडं, त्यांच्या वायरी, काडीपेटीएवढं रेकॉर्डिंगचं मशीन, तीन कार्डं, ऐकायचा हेडफोन आणि तुझी चिठ्ठी. बोंडं हे नाव मी ठेवलं. माईकच म्हणायचे ते, पण वारा अडवायला त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या फोमची टोपी आहे ना, थेट फुटलेल्या कापसासारखी दिसते.

चिठ्ठी सहा ओळींची. फोन उचलत नाहीस, म्हणून दोन वर्षांनी आलेल्या सहा ओळी मी सहा वेळा वाचल्या.

पाच ओळी कामाच्या आहेत. विमलबाई यंदाच्या जयंतीचे कार्यक्रम आटोपले की गाणं थांबवणार. तिचा आवाज तुला राखून ठेवायचा आहे, आणि तो स्टेजवरच्या माईकमधून काढलेला नको, समोर बसलेल्या माणसाला येतो तसा हवा. म्हणून एक बोंड डाव्या कानात, एक उजव्या. डाव्या कानाशी जे येईल ते डावीकडं भरायचं, उजव्याशी येईल ते उजवीकडं. मग पुण्यात कोणी हेडफोन लावला की त्याला वाटलं पाहिजे आपणच मंडपात बसलो आहोत, ढोलक या अंगाला, पेटी त्या अंगाला. समजलं. बापाला तेवढं समजतं. चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून भोंगे सायकलला बांधून गावोगाव फिरलो आहे, नववी नापास असलो तरी.

"दुसऱ्या कोणाचे कान नकोत, तुमचेच पाहिजेत" ही ओळ तुझ्या आईला वाचून दाखवली. ग्यानबालाही दाखवली. तो अजून आपली गाडी चालवतो, वायरी ओढतो आणि मी जे म्हणेन त्याला हो म्हणतो.

सहावी ओळ कोणाला दाखवली नाही. "मेडशीच्या माईकवर जे बोललात ते मेडशीच्याच माईकवर परत घ्या, मग मी घरी येईन."

हा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण एवढंच सांगतो. त्या दिवशी साऊंडच्या मशीनवर तू होतीस. मी जेवून आलो, खुर्चीवर बसलो आणि डावीकडचे स्पीकरचे बॉक्स बंद. विमलबाईचा आवाज नुसता एका अंगानं येतोय. मी तुला म्हटलं, डावी बाजू गेली, बघ. तू काहीच बोलली नाहीस. दुसऱ्यांदा म्हटलं, तरी गप्प. चारशे माणसं समोर आणि पोरगी बापाला उत्तर देत नाही. मग मी माईक घेतला आणि जे बोललो ते बोललो. खोटं बोललो असतो तर शंभर वेळा परत घेतलं असतं. बाई, या कानांनी ऐकलं ते परत कसं घेऊ? या जिल्ह्यात कोणालाही विचार, राजपाल पडघानच्या कानावर लोक भोंगे विकत घेतात.

असो. बोंडं घरी घालून पाहिली. आई भाकरी थापत होती, मी शेजारी बसून भरलं. ऐकलं तर भाकरीची थाप उजवीकडून येते. चूल माझ्या डाव्या हाताला होती. बोंडं उलटी घातली गेली असतील. पुन्हा करून पाहतो.

आई बरी आहे. तुझं नाव काढत नाही. पहिले रोज काढायची, आता कार्यक्रमाला माझ्या शेजारी बसते, गाडीवर मागं बसते, पण तुझ्याबद्दल एक शब्द नाही. बाईमाणूस कधी दगड होईल सांगता येत नाही.

तुझा,
बाबा


रिसोड,
८ एप्रिल २०२५

चि. धम्मदीपास,
जय भीम.

आसेगावचं कार्ड सोबत आहे. ऐकण्याआधी दोन गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली दोन गाणी सोडून दे. विमलबाईनं सूर लावला आहे आणि तिच्या सुरात एक बैल कडबा खातो आहे. तो बैल मी. खर्रा तोंडात होता. बोंडं कानात असली की आपलंच तोंड आपल्याला वैरी होतं, हे मला काय माहीत! गिळलं तरी विहिरीत बादली पडल्यासारखं येतं. दुसरं, मी तालावर मान हलवतो. चाळीस वर्षांची सवय. ऐकताना आख्खं स्टेज होडीवर बसवल्यासारखं डुलत होतं. मला घरी खाटेवर बसून चक्कर आली.

तिसऱ्या गाण्यापासून खर्रा थुंकला आणि स्टेजवरच्या एका निळ्या पताकेवर डोळे रोवून बसलो. मान नाही, हात नाही, पापणीसुद्धा जपून. पाच मिनिटांनी कमिटीचा विनोद धावत आला.

"राजपालभाऊ, बरं हाये ना? पाणी आणू का? हातापायाले मुंग्या येऊन राह्यल्या का?"

मी बोलू शकत नाही, सगळं भरतंय. डोळ्यांनीच सांगितलं की जा बापा. त्याला वाटलं डोळे फिरले. त्यानं आणखी दोघांना बोलावलं. ते सगळं कार्डात आहे.

आणि मध्यंतरात एक म्हातारी जवळ आली, माझ्या कानातल्या वायरी पाहून म्हणते, "काहून रे राजपाल, तुलेबी कानाची मशीन लागली? आमच्या बुढ्याची अशीच हाये. तुही शिट्टी मारते का?"

लोक हसले. मीही हसलो. गाडीत बसल्यावर हसू आलं नाही. साऊंडवाल्याला कानाची मशीन लागली हे एकदा गावात फिरलं की संपलं. आंधळ्याकडून रंगवून घेईल का कोणी घर?

पण पोरी, वस्तू मात्र अजब आहे. घरी ऐकताना मी दोनदा मागं वळून पाहिलं. मागं कोणी शेंगा फोडत होतं, ते माझ्या खाटेमागं फोडल्यासारखं. विमलबाईची बांगडी पेटीवर आपटते ते कळतं. तिचा आवाज वरच्या पट्टीत चिरतो, आणि ती तो चिरलेला सूर खंजेरीच्या घुंगरांत कसा लपवते, तेही कळलं. एवढी वर्षं तिच्यासमोर मशीन लावून बसलो, हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

आता तक्रार. डावं बोंड कच्चं आहे. ढोलकवाला स्टेजच्या डाव्या खांबाशी होता, आणि ऐकताना तो उजवीकडं, भिंतीपलीकडं बसून वाजवतो आहे. डावीकडं सगळं मेल्यासारखं. पोचल्याबरोबर दुसरं पाठव, जयंतीला भरायचं आहे.

एक कोडं राहिलं. कार्यक्रम चालू असताना डावीकडच्या बाया एकेक करून उठल्या आणि उजवीकडं पुरुषांच्या मागं जाऊन बसल्या. ऊन नव्हतं, वारा नव्हता. विनोदला विचारलं तर म्हणतो, "तिकडं लय जोरानं येते म्हणतात, भाऊ." मी म्हटलं, माझ्या मशीनवर दोन्ही बाजू सारख्या आहेत, मी स्वतः कानानं लावल्या. तो म्हणाला, "तुमी म्हणता तं असन."

तुझा,
बाबा


रिसोड,
१९ एप्रिल २०२५

धम्मदीपा,

तुझं उत्तर मिळालं. बोंड नाही, उत्तर. "दोन्ही माईक ठीक आहेत. दोन्ही बाजू सारख्या भरल्या आहेत. डावी बाजू बंद आहे असं तुम्ही मेडशीलाही म्हणाला होतात."

शेवटचं वाक्य लिहायला तुला बरं वाटलं असेल. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आईनं विचारलं काय झालं, मी म्हटलं उष्णता.

मग मी ठरवलं की भांडायचं नाही, दाखवून द्यायचं. तुला मशीन शिकवताना पहिली गोष्ट काय सांगितली होती? आवाज गेला की घाबरायचं नाही. एकेक वस्तू बदलत जायची. वायर बदल, बॉक्स बदल, माईक बदल. जी बदलल्यावर आवाज येतो ती खराब. यात भांडण नाही, वशिला नाही.

तर काल खोलीचं दार लावून घेतलं. ग्यानबाच्या हातात खंजेरी दिली आणि त्याला माझ्याभोवती फिरायला सांगितलं. मी मधे, कानात बोंडं, तो चकरा मारून वाजवतोय. आईनं खिडकीतून पाहिलं आणि निघून गेली.

ऐकलं. डावीकडं गेला की ग्यानबा गायब, माझ्या डाव्या अंगाला काही येतच नाही. बोंडं या कानातली त्या कानात घातली, पुन्हा फिरवला. डावीकडं गायब. म्हणजे बोंड चांगलं. मग हेडफोन खराब असणार. हेडफोन उलटा घातला, डावा उजवीकडं. तरी माझी डावी बाजू गायबच. म्हणजे हेडफोनही चांगला. कार्ड बदललं. मशीनचे सेल बदलले. डावीकडं गायब. सगळ्या वस्तू सुट्या सुट्या चांगल्या आहेत, आणि माझ्याजवळ एकत्र आल्या की डावी बाजू बसते. चाळीस वर्षांत असा बिघाड पाहिला नाही.

शेवटी हेडफोन ग्यानबाला लावला.

"सांग, कुठून येऊन राह्यलं?"

"दोनीकून, भाऊ."

"नीट ऐक. डावीकडून कमी येते का नाई?"

"कमी येते, भाऊ."

"आत्ता तं दोनीकून म्हणत होता ना!"

"तुमी इचारलं म्हणून कमी म्हटलं."

आता अशा माणसाची साक्ष कशी धरायची तू सांग. डोक्यात नुसता भुसा भरल्यासारखं झालं आहे. रस्त्यावर हॉर्न वाजला की मी भलतीकडं वळून पाहतो असं आई म्हणते. ते आधीपासूनच होतं की या बोंडांनी झालं, तेही कळेना.

चौदा तारखेला इथं रिसोडला आपल्या वस्तीतला जयंतीचा कार्यक्रम भरून ठेवला आहे. विमलबाई फार बरी गायली. मान हलवली नाही, खर्रा खाल्ला नाही. आई शेजारी बसली होती. पण डावीकडं कच्चंच आहे, असं अर्धवट कार्ड पाठवणार नाही. आधी बिघाड सापडू दे.

मेडशीचं तू लिहिलंस. तुझ्यापाशी उत्तर होतं तर त्या दिवशी तोंड का नाही उघडलंस? एकदा म्हटलं असतंस की बाबा, डावी चालू आहे, तर मी उठून बॉक्सजवळ गेलो असतो. तू मुक्यासारखी बसलीस. आणि मग हेडफोन टेबलावर ठेवून सरळ एसटी स्टँडवर. माझ्या मनात दोन वर्षं तेच बसलं आहे. बॉक्स गेले, भोंगा जळला, हे होत असतं. तू उत्तर दिलं नाहीस.

राजपाल पडघान


रिसोड,
३० एप्रिल २०२५

दीपा,

हे पत्र तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. शाळेतली भाषा या वेळी साथ देईना, तवा जसं येते तसं लिहितो.

शुक्रवारी जयंतीचं कार्ड तुले पाठवावं म्हणून पॅक करत होतो. म्हटलं कच्चं का असेना, विमलबाईचं गाणं हाये, शेवटचं एकदा ऐकून घेऊ. हेडफोन घातला. गडबडीत उलटा घातला असन, मले माहीत नाही. तिसरं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, ढोलकवाला ढोलक आवळत होता. आणि तेवढ्यात कोणी माह्या उजव्या कानात बोललं. इतक्या जवळून की मी दचकून वळलो.

तुही आई.

"ऐकता का जी?"

खोलीत कोणी नव्हतं. कार्डात होती ती.

"ऐकता का जी? विमलबाई आता नाही गाणार म्हणते. पोरगी तिच्याच गाण्यावर वाढली. पोरीले आणा ना आता. मेडशीले जाऊन एकडाव म्हणा, चुकलं माहं. तुमचं काय जाते?"

मग थोडं थांबली. माह्या श्वासाचा आवाज येते. मी बोलत नाही.

"रोज म्हणते मी. तुमी आयकून न आयकल्यासारखं करता. माह्या जिवाचं काई नाही का तुमाले?"

श्वास.

"दगड हाये हा माणूस."

आणि मग चौथं गाणं सुरू होते, अन् मी गुणगुणून राह्यलो. दीपा, मी त्या गाण्याच्या संग गुणगुणून राह्यलो. मजेत.

मी ते पाच वेळा ऐकलं. मग हेडफोन सरळ करून ऐकलं. तिचा आवाज डावीकडं गेला आणि नाहीसा झाला, पाण्यात खडा टाकावा तसा. पुन्हा उलटा केला, आली. सरळ केला, गेली. बोंडं बदलून झाली होती, हेडफोन बदलून झाला होता, कार्ड, सेल, सगळं. एकच वस्तू बदलून पाहायची राह्यली होती, आणि ती बदलता येत नाही.

आई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. तिच्याजवळ गेलो, तिला डाव्या हाताले घेऊन उभा राह्यलो आणि डोळे मिटले.

"काई बोल."

गप्प. मले वाटलं नाहीच बोलली. डोळे उघडले तं तिचे ओठ हलून राह्यले. मी तिले म्हटलं, इकडून ये. ती सूप घेऊन उजवीकडं आली.

"तिकडून काई आयकू नाई आलं?"

"नाई."

"काईच नाई?"

"काई गुणगुण. पलीकडच्या गल्लीत असल्यासारखी."

सूप खाली ठेवलं तिनं. मग म्हणते, "मंग दोन वर्ष मी कोणासंग बोलत होती?"

आता हिशेब जुळतो तसा जुळून राह्यला. आपल्या कार्यक्रमात बाया डाव्या अंगाले बसतात अन् माणसं उजव्या. मशीनचं टेबल मधात. म्हणून आई आली की डावीकडं, तू मशीन शिकली तवाही तुही खुर्ची डावीकडं. गाडीवर बाया एकांगी बसतात, तोंड डावीकडं, ती मागून बोलते ते डाव्या कानाशी. घरात माही खाट अशी की डावा कान तिच्याकडं. फोन मी उजव्या कानाले लावतो, गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलते. सगळं आयकू येत होतं मले. फक्त तुमचं दोघींचं येत नव्हतं.

ग्यानबाले बोलावलं. म्हटलं, आज हो ले हो करशील तं गाडीची चाबी परत घेईन. मेडशीले डावी बाजू चालू होती का बंद?

तो जमिनीकडं पाहून म्हणतो, "चालू होती, भाऊ."

"मंग तवा काहून नाई बोलला?"

"तुमचा कान हाये तो. त्याच्यावर आमी काय बोलाव? मले वाटलं माहाच कान गेला."

आणि तू? मी आता डोळे मिटून ते टेबल पाहतो. मी समोर स्टेजकडं पाहून म्हटलं डावी गेली, बघ. तू माह्या डाव्या हाताले. तू बोलली असशील. ग्यानबा म्हणते तू तीनदा बोलली. "चालू आहे बाबा. हात लावून पाहा." तिसऱ्यांदा जोरानं बोलली, म्हणते, पण तवर ढोलक सुरू झाली होती. आणि मी माईक उचलून चारशे लोकाइले सांगितलं का पोरीच्या हातात मशीन देली ही माही चूक. मग डावी बाजू वाढवली ती शिट्टी मारेपर्यंत, भोंगा जळेपर्यंत, विमलबाई गाणं सोडून कानावर हात ठेवेपर्यंत. आसेगावच्या बाया उन्हानं नव्हत्या उठल्या. दोन वर्ष गावागावात बायाइच्या अंगाले मी त्रास देत आलो, अन् कोणी बोललं नाही, कारण राजपालचा कान.

अकोल्याले जाऊन दाखवून आलो. डॉक्टर पोरगाच हाये, तुह्या वयाचा. त्यानं विचारलं, बॉक्सच्या कोणत्या बाजूले बसता? मी म्हटलं, उभी हयात उजवीकडच्या टेबलावर, म्हणजे भोंगा डाव्या हाताले. टेबल मधात तं आता आठ-दहा वर्षांत आलं. त्यानं कागदावर दोन रेघा दाखवल्या. उजव्या कानाची रेघ बरी होती. डाव्याची वावरातल्या उतारासारखी खाली गेली होती. म्हणे, ही हळूहळू जाते, जाणाऱ्याले समजत नाही.

जयंतीचं कार्ड सोबत आहे. ते चांगलं भरलं आहे, दोन्ही बाजू सारख्या. तिसऱ्या गाण्यानंतरचं पुसू का म्हणून आईले विचारलं. ती म्हणाली, असू दे, पोरीले कळू दे का मी गप नव्हती.

बुद्ध पौर्णिमेले मेडशीले कार्यक्रम आहे. विमलबाईचा शेवटचा. मशीन आपलं. मले भ्याव वाटून राह्यलं हे लिहून ठेवतो. माईकवर चुकलं म्हणणं सोपं. कान गेला हे म्हणणं म्हणजे दुकानाचा फलक आपल्या हातानं उतरवणं.

बाबा


रिसोड,
१३ मे २०२५

दीपा बाई,
जय भीम.

तिसरं कार्ड सोबत. बोंडं कानात ठेवूनच स्टेजवर गेलो, म्हणून तुले सगळं तिथूनच आयकू येईल जिथून मी बोललो.

विनोद आसेगावहून आला होता. त्यानं माह्या कानातल्या वायरी पाहून विचारलं, "भाऊ, अजून ते रेकॉर्डिंग चालूच हाये का?" मी म्हटलं, आज संपते.

विमलबाईनं दोन गाणी म्हटली. पाणी प्यायले थांबली तवा मी तिच्याकडून माईक मागितला. काय बोललो ते कार्डात आहे, पण मले लिहूनही द्यायचं आहे.

"मेडशीकर, दोन वर्षाखाली याच माईकवर मी म्हटलं होतं का माह्या पोरीनं डावी बाजू मारून टाकली. डावी बाजू चालू होती. मेला होता तो माहा डावा कान. पोरीनं मले तीनदा सांगितलं, मले आयकू नाई आलं, अन् मी तिले तुमच्यासमोर मान खाली घालाले लावलं. तिचं मशीन बरोबर होतं. पोरीचं काम नाई हे, म्हणून जे जे हसले होते त्याइनं आता माह्यावर हसून घ्या. माफी."

कोणी हसलं नाही. मागं एक लेकरू रडत होतं, ते तेवढं आलं असन. मग बायाइच्या अंगाकडून एक जण ओरडली, "मंग आता आवाज कमी कर ना बापा इकडचा!" अन् सारा मंडप हसला, मीही हसलो. ग्यानबा धावत टेबलाकडं गेला आणि डावी बाजू खाली घेतली. आता डावीकडचा कान त्याचा. त्याले सांगून ठेवलं आहे का मले हो म्हटलं तं नोकरी गेली.

विनोदनं जूनचा कार्यक्रम दुसऱ्या साऊंडवाल्याले देला. लाजत लाजत सांगाले आला, माह्या डाव्या हाताले उभा राहून. मी म्हटलं, इकडून सांग. तो इकडून आला आणि मग त्याले सांगणं जड गेलं. आणखी दोन-चार जातील. ज्याइले माहा कान पाहिजे होता ते जातील, ज्याइले मशीन पाहिजे ते राहतील.

आता कामाचं. माईक परत दिला तवा विमलबाई माह्या डाव्या हाताले होती. तिनं माह्या पाठीवर हात ठेवला, कानाशी वाकली आणि काही बोलली. लांब बोलली, दोन-तीन वाक्यं. मी मान हलवली. जुनी सवय, आयकू न येता मान हलवाची. ती हसली, डोळे पुसले आणि शेवटचं गाणं धरलं. ते गाणं मी टेबलाशी येऊन आयकलं, मान हलवून आयकलं, रेकॉर्डिंग बिघडलं असन तं माफ कर.

ती काय बोलली ते डाव्या बाजूले भरलं आहे. मी आयकलं नाही. हेडफोन उलटा घालून आयकता आलं असतं, आई दोनदा म्हणालीही. पण म्हटलं राहू दे. कोणी तरी आयकून मले सांगावं.

मेडशीले मी टेबल हलवलं. मधात होतं ते उचलून डाव्या टोकाले, बायाइच्याही पलीकडं नेऊन मांडलं. लोक म्हणे राजपालभाऊ कुठं जाऊन बसला. पण तिथं बसलं का बाया माह्या उजव्या अंगाले येतात. आई उजवीकडं बसली अन् कार्यक्रमभर बोलत राह्यली, दोन वर्षांचं. एक शब्द सुटला नाही.

यापुढं टेबल तिथंच राहील. आईच्या पलीकडं एक खुर्ची ठेवली होती, रिकामी. ग्यानबा तिच्यावर वायरीचं भेंडोळं ठेवत होता, त्याले ठेवू देलं नाही.

बाबा